म्हशीच्या सडांवर फोड, धार काढणारीच्या बोटांवरही. मराठवाड्यात अजून कुणाकडं आहे का?

बालाघाटकर :
नमस्कार मंडळी. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात, डोंगराच्या कडेला. घरी थोड्या म्हशी आहेत, मुऱ्हा कमी आणि मराठवाडी जास्त. पोळ्यानंतर बाजारातून एक दुभती म्हैस आणली. थोड्या दिवसांत तिच्या सडांवर तांबडे ठिपके दिसले, मग पाणी धरलेले फोड, मधोमध खळगी पडलेले, मग काळपट खपली. धारेला बसलं की लाथ झाडायची. तिच्या पाठोपाठ शेजारच्या खुंट्यांवरच्या म्हशींना झालं, आणि मग वहिनीच्या अंगठ्याला नि तर्जनीला हुबेहूब तसेच फोड. अंगात कणकण, काखेत दुखरी गाठ.

गावात लगेच बोभाटा झाला, की लंपी आता माणसाला लागला. संकलन केंद्रावर कॅन घेऊन गेलं की लोक बाजूला सरकतात.

मला खटकलं ते वेगळंच. वहिनीला एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, तिथं साबणाची ॲलर्जी म्हणून ट्यूब दिली. हात बघितला, पण घरी जनावरं आहेत का हे विचारलं नाही. म्हैस जनावरांच्या डॉक्टरांना दाखवली, तिला औषध मिळालं, पण धार कोण काढतं, त्याच्या हाताला काही झालंय का, हे तिथंही कुणी विचारलं नाही. दोन्ही दवाखाने एकाच रस्त्यावर आहेत.

आणखी एक. अण्णाही रोज धार काढतात, त्यांच्या हाताला काहीच नाही. त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा जुना वण आहे, वहिनीला नाही. याचा काही संबंध असेल का?

सरकीपेंड :
सरळ आहे. २०२२ ला सगळ्या ढोरांना लंपीच्या लसी टोचल्या, त्याचेच हे परिणाम. आमच्याकडं तेव्हापासून गाईचं दूध बंदच आहे. तुम्हीही बंद करा.

पशुवैद्य_मांजराकाठ :
बालाघाटकर, जनावर समोर नसताना छातीठोक सांगणार नाही, पण वर्णन वाचून पहिला संशय म्हशीच्या देवीचा येतो. बफेलोपॉक्स. लंपीचा नाही.

लंपीत गाईच्या अंगभर टणक गाठी येतात, पाय आणि पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, सुजते, ताप चढतो. डास, गोचीड, चावणाऱ्या माश्या तो पसरवतात. आणि लंपी माणसाला होत नाही. १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, तेव्हापासून कितीतरी देशांत गुराखी, गवळी, डॉक्टर त्या जनावरांत वावरले. माणसाला लागण झाल्याचं दिसलेलं नाही.

सरकीपेंड, लसीबद्दल. आपल्याकडं गाईंना दिली ती शेळ्यांच्या देवीची लस. शेळीची देवी आणि लंपी हे विषाणू एकाच गोत्रातले, म्हणून एकीची लस दुसऱ्याला चालते. त्यातला विषाणू माणसालाही होत नाही आणि म्हशीच्या सडावर फोडही आणत नाही. २०२२ ला लोकांनी गाईचं दूध ओतून दिलं, ते बघून जीव तुटायचा. भीती नको तिथं भ्यायचं, आणि जिथं हात सांभाळायला पाहिजे तिथं उघड्या बोटांनी खपल्या काढायच्या, असं आपलं चाललंय.

म्हशीच्या देवीचा विषाणू मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. माणसाची देवी ज्या लसीनं घालवली, त्या लसीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूचाच हा भाऊबंद. तो म्हशीकडून माणसाला लागतो, आणि धार काढणाऱ्याच्या हातावरून पुढच्या म्हशीलाही. गाईलाही होऊ शकतो.

मराठवाड्याला हा नवा नाही. २००३ साली औरंगाबादच्या (आत्ताचं छत्रपती संभाजीनगर) दुग्धशाळांमधल्या म्हशींत याची साथ नोंदली गेली. त्याआधी १९८५ ते ८७ मध्ये खानदेशात धुळे, जळगाव भागात झाली. २००९ ला कोल्हापूर जिल्ह्यात इतक्या लोकांना झाला की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तपास केला. मूळ नोंद १९३४ ची, तेव्हाच्या पंजाबातली, लाहोरची.

कडबाकुट्टी :
डॉक्टर साहेब म्हनतात ते आमच्याकडं झालेलं हाय, जिंतूर साईडला. नाव कुनाला म्हाईत? म्हातारी मानसं म्हनायची म्हशीला माय आली, लिंबाचा पाला बांधा गोठ्याला. आन् तेच हात तसेच दुसऱ्या म्हशीला.

बालाघाटकर दादा, एक विचारतो, राग मानू नका. सडाला लावायला तेलाची डबी एकच हाय का? आमच्या गोठ्यात गोडेतेलाची एक डबी, तिच्यात बोट बुडवायचं, सड चोळायचा, परत बोट डबीत. शेवटच्या म्हशीपोतूर तीच. कास पुसायचं फडकंबी एकच, दावणीच्या खुंट्याला लटकवलेलं. मला तर वाटतं रोग त्या डबीतच ऱ्हायचा.

पशुवैद्य_मांजराकाठ :
कडबाकुट्टी, लाख बोललात. आम्ही गोठ्यात गेलो की म्हशीकडं बघतो. बघायला पाहिजे ती डबी, फडकं आणि धार काढणाऱ्याची नखं. काहीजण तेलाऐवजी बोटं दुधात बुडवून सड ओले करतात, ते तर त्याहून वाईट.

या विषाणूला आत शिरायला कातडीवर बारीक चीर पुरते. कडबा उपसून, ऊस सोलून, भांडी घासून आपल्याकडच्या बायकांच्या हाताला चिरा असतातच. आणि खपली वाळली म्हणजे विषाणू मेला असं समजू नका. वाळक्या खपलीत तो महिनोन् महिने टिकतो. गोठा झाडताना खपल्या उकिरड्यावर टाकू नका, जाळा.

बालाघाटकर :
डबी एकच होती. कालच फेकली. फडकीही जाळली.

त्वचा_लातूर :
मी माणसांचा डॉक्टर, कातडीचा. बालाघाटकरांनी दोन दवाखान्यांबद्दल लिहिलं ते वाचून मान खाली गेली, कारण आमच्या ओपीडीत हे रोज घडतं. रुग्ण हात पुढं करतो, आम्ही ट्यूब लिहितो. घरी काय पाळलंय हा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच नसतो.

वहिनींना दिलेल्या ट्यूबवरचं नाव बघा. आपल्याकडं मेडिकलवर सर्रास मिळणाऱ्या मिक्स मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बरं वाटतं, पण अशा विषाणूच्या फोडावर स्टेरॉइड लावलं तर जखम चिघळू शकते. असेल तर बंद करा. हात साबण-पाण्यानं धुऊन कोरडा ठेवायचा, फोड फोडायचे नाहीत, खपली ओढायची नाही, वर सुती पट्टी. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल. पू झाला, लाली मनगटाकडं चढायला लागली तर अँटिबायोटिक लागेल, तेही डॉक्टरांनी लिहिलेलं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं, कधी वण राहतो. फोडाचा हात डोळ्याला लावू नका, एवढं मात्र कटाक्षानं पाळा.

ज्यांना इसब आहे, ज्यांची केमो चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, ज्या गरोदर आहेत, त्यांनी त्या म्हशींच्या धारेला बसू नये. बाकीच्यांत हा सौम्य असतो, पण अशांच्यात तो अंगभर पसरू शकतो.

शेजारच्या देशातलं एक उदाहरण सांगतो. कराचीत २००४-०५ मध्ये भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत हाच विषाणू जखमांवर सापडला. म्हैस तर वॉर्डात आली नव्हती. संशय होता तो भाजल्यावर घरगुती उपाय म्हणून जखमेला लावलेल्या म्हशीच्या चरबीवर.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. मेलेलं जनावर सोलल्यावर किंवा कापल्यावर हाताला न दुखणारा फोड आला, मधे काळी ठिक्कर खपली आणि भोवती जबर सूज, तर ते देवीचं समजून घरी बसू नका. ती काळपुळी, म्हणजे फाशीचा रोग असू शकतो. तो जिवावर बेततो, आणि वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर बरा होतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सरकीपेंड :
डॉक्टर, मग ते मंकीपॉक्स मंकीपॉक्स टीव्हीवर चालू होतं ते हेच ना? नाव बदलून सांगतात.

त्वचा_लातूर :
नाही. एमपॉक्स त्याच मोठ्या कुळातला, पण विषाणू वेगळा. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी आणीबाणी जाहीर केली, ती माणसाकडून माणसाला जवळच्या संपर्कातून पसरत होता म्हणून. म्हशीशी त्याचा संबंध नाही. म्हशीच्या देवीत माणसापासून माणसाला लागण फार क्वचित. म्हणून वहिनींना वेगळ्या खोलीत कोंडू नका. त्यांचा टॉवेल वेगळा ठेवा आणि फोड झाकलेले असू द्या.

जुना_आरोग्यसेवक :
मी सेवानिवृत्त. उमेदवारीच्या काळात बीड-उस्मानाबादच्या वाड्या-वस्त्या पायी आणि सायकलीवर पालथ्या घातल्या. तरुण मंडळींना खरं वाटणार नाही, पण तेव्हा भिंतीभिंतीवर गेरूनं लिहिलेलं असायचं, ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’. हजार म्हणजे तेव्हा केवढी रक्कम! लोक कांजिण्यांची, गोवराची पोरं दाखवायला आणायचे. एकानं तर फोड आलेली शेळी आणली होती, म्हणे देवीच आहे, द्या पैसे. आम्ही हसून परत पाठवली. आज वाटतं, शेळी नीट बघायला पाहिजे होती.

भारतातला शेवटचा देवीचा रोगी १९७५ चा. १९७७ मध्ये देश देवीमुक्त म्हणून प्रमाणित झाला, जगाची घोषणा १९८० ची. मग लस टोचणं बंद झालं. म्हणून अण्णांच्या दंडावर वण आहे आणि वहिनींच्या नाही. ती लस वासरांच्या, रेडकांच्या कातडीवर वाढवत असत. अभ्यासकांत एक मत असंही आहे, की लसीतलाच विषाणू तेव्हा माणसांकडून म्हशींत गेला आणि तिथंच मुरला.

पशुवैद्य_मांजराकाठ :
काका, हे छान सांगितलंत. ब्राझीलमध्येही असंच झालं असावं असा तर्क आहे. १९९९ मध्ये रिओच्या बाजूला कँटागालो इथं गाईंच्या सडांवर आणि गवळ्यांच्या हातांवर फोड आले, विषाणू लसीतल्या व्हॅक्सिनियाच्या जवळचा निघाला.

अण्णांच्या वणाबद्दल: संबंध असू शकतो. जी लस माणसाच्या देवीपासून वाचवायची ती याच घराण्यापासून वाचवते. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या टोचणीवर विसंबून अण्णांना उघड्या हातानं आजारी म्हशीखाली बसवू नका. तेवढी ताकद तिच्यात उरलीय का, हे वण बघून कळत नाही. आणि आता गोठ्यात राबणारी पिढी जवळजवळ सगळी लस बंद झाल्यानंतर जन्मलेली. अशा साथी पुन्हा डोकं वर काढतात त्यामागं हे एक कारण मानतात.

शेरडंवाली :
मी औसा तालुक्यातली. म्हशी नाहीत, उस्मानाबादी शेळ्या आहेत. करडांना मावा येतो, ओठांवर, नाकपुड्यांपाशी खवले धरतात, पीतच नाहीत. त्या करडांना बाटलीनं दूध पाजताना माझ्या करंगळीला मोठा लालसर फोड आला होता, बरेच आठवडे राहिला. सासूबाई म्हणाल्या नागीण आहे. हे पण तसलंच का?

पशुवैद्य_मांजराकाठ :
ताई, तसलंच, पण चुलत घराण्यातलं. माव्याचा विषाणू पॅरापॉक्स गटातला, त्याला ऑर्फ म्हणतात. शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला नक्की लागतो. बहुधा एखाद-दुसराच फोड, बोटावर, आपोआप जातो. कापणाऱ्यांनाही होतो. तुर्कस्तानात बकरी ईदनंतर असे रुग्ण नोंदले गेलेत. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. माव्याच्या करडाला पाजताना हातमोजे घाला, आणि बाभळीच्या काटेरी डहाळ्या काही दिवस टाकू नका. तोंडाला ओरखडे पडले की मावा पसरतो.

गाईच्या सडांवर असाच पॅरापॉक्स गटातला आणखी एक होतो, त्याला खोटी देवी म्हणतात. गवळ्याच्या हाताला त्याची गाठ येते. शेळ्या-मेंढ्यांची खरी देवी मात्र लंपीच्या गटातली, ती माणसाची नाही.

केंद्राचा_हिशेबनीस :
मी एका गावच्या दूध संकलन केंद्रात काम करतो. खरं सांगतो, लोक हे लपवतात, आणि का लपवतात ते मला रोज दिसतं. कुजबुज झाली की आधी शेजारी दूध नाकारतात, मग टँकरवाला विचारतो, मग केंद्र चार दिवस ‘थांबा’ म्हणतं. पोरांची फी त्या दुधावर चालते. बाई बोटाला चिंधी गुंडाळून येते, विचारलं तर म्हणते विळी लागली.

दुधाचं नेमकं काय करायचं ते जाणकारांनी सांगावं. अफवेपायी घराचं चार पैशांचं साधन जाऊ नये, एवढंच म्हणणं.

पशुवैद्य_मांजराकाठ :
मोलाचा प्रश्न. हा आजार पसरतो तो फोडाच्या, खपलीच्या स्पर्शानं. निरोगी म्हशींचं दूध बंद करायचं कारण नाही, उकळून प्यायचं, जे आपण तसंही करतो. फोड आलेल्या सडांचं दूध केंद्रावर घालू नका. त्यात खपली, रक्त, पू जातो, शिवाय दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेली असते बऱ्याचदा. आणि जे औषध चालू आहे त्याची मुदत संपेपर्यंत तसंही ते चालत नाही.

खरं नुकसान तिथंच आहे. या आजारानं मोठी म्हैस सहसा मरत नाही. सड दुखतात, ती पान्हा चोरते, दूध कासेत तुंबतं, दगडी होते, आणि एखादा सड कायमचा बसतो, त्यातून दूधच येत नाही. बसलेल्या सडाची म्हैस बाजारात काय भावानं जाते ते तुम्हाला सांगायला नको.

बालाघाटकर, धारेचा क्रम बदला. आधी निरोगी, मग संशयित, शेवटी आजारी. आजारी म्हशीला माणूस वेगळा ठेवता आला तर उत्तम. लाल औषधाच्या, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटच्या, फिक्या गुलाबी पाण्यानं सड धुवायचे. गडद करू नका, कातडी भाजते. मग मऊ राहील असं मलम, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. रेडकू तिच्याखाली सोडू नका, त्याच्या तोंडाला फोड येतात आणि ते अशक्त होतं. त्याला दुसरीचं दूध उकळून कोमट करून वाटीनं पाजा.

१९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करून नोंद करा. तालुक्याच्या पशुधन अधिकाऱ्यांना सांगा, की खपल्यांचा नमुना पुण्याला रोग अन्वेषण विभागाकडं पाठवा. आणि त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वहिनींचा हात दाखवा. दोन्हीकडं दोन्ही गोष्टी सांगायच्या. इकडं म्हशीबरोबर हात, तिकडं हाताबरोबर म्हैस. ते विचारणार नाहीत, तुम्ही सांगा.

कडबाकुट्टी :
हाताचा आन् म्हशीचा फोटो एकाच मोबाईलात काढून ठेवा म्हनलं. दोन्ही डॉक्टरला तोच दाखवायचा.

त्वचा_लातूर :
कडबाकुट्टी, ही युक्ती मी उद्यापासून माझ्या रुग्णांना सांगणार.

परळीकर_पुण्यात :
वाचतोय. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडं निघतील. आमच्या भावकीतले लोक बैलांबरोबर शेळी, एखादी दुभतीही घेऊन जातात. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, माणूस आणि ढोर यांच्यात ताडपत्रीचाही आडोसा नसतो. पाणी टँकरचं, हात धुवायला साबण कुठून आणायचा? ‘हातमोजे घाला’ हे तिथं कसं सांगणार?

पशुवैद्य_मांजराकाठ :
खरंय, हातमोजे तिथं चालणार नाहीत. तिथं एवढंच सांगा: सडावर फोड असलेलं जनावर टोळीबरोबर नेऊ नका, गावी ठेवा. शेळीच्या ओठाला खवले असतील तर तीही. निघायच्या आधी गावात एकदा सगळ्या जनावरांचे सड आणि तोंडं बघून घ्यायला पाच मिनिटं लागतात, मुकादमानं मनावर घेतलं तर.

सरकीपेंड :
बरं, एक कबूल. आमच्या सालगड्याच्या हातालाही गेल्या वर्षी असंच आलं होतं, आम्ही लंपीच समजलो होतो. पण लसीबद्दल माझं मत तेच.

बालाघाटकर :
सगळ्यांचे आभार. पशुधन अधिकारी येऊन खपल्या घेऊन गेले. वहिनीला आरोग्य केंद्रात नेलं, फोटो दाखवला, तिथल्या मॅडमनी नोंद केली आणि आशाताईंना वस्तीवर पाठवलं. आमच्याच आळीत आणखी दोन घरांत बोटांना चिंध्या निघाल्या. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, बंद केली.

आता अण्णांचा प्रश्न. ती विकत आणलेली म्हैस माळेगावच्या यात्रेत विकून मोकळं व्हायचं म्हणतात. तोवर खपल्या पडलेल्या असतील. विकावी का?

पशुवैद्य_मांजराकाठ :
खपल्या पूर्ण पडून खाली नवी कातडी आलेली असेल, बाकीच्या म्हशींतही नवा फोड नसेल, आणि पुण्याचा अहवाल हातात असेल तर विका, घेणाऱ्याला सांगून विका. नाहीतर ज्यानं तुम्हाला पोळ्याच्या बाजारात विकली, त्याच्यात आणि अण्णांत फरक काय राहिला? यात्रेला नेताना दोर, दावं, कॅन, सगळं नवीन किंवा उकळून घेतलेलं असू द्या. सड बसला असेल तर मात्र घाई करू नका. पुढच्या वेताला बाकीच्या सडांवर ती किती देते ते बघून ठरवा. मराठवाडी असेल तर चारा कमी लागतो, ठेवायला परवडेल.

बालाघाटकर :
मुऱ्हा आहे सर. खाते दोघींचं.

कडबाकुट्टी :
मंग विका.